कानातली बायको

बायको वारली, पण माझ्या कानातून गेली नाही. तिच्या केसांतल्या आकड्याने मी कान कोरला की ती आतून विचारायची, "अहो, गॅस बंद केलात का?" घरचे म्हणायचे, आजोबांची थाप. दोन महिने कान ठणकला, वाहिला. मधुमेह तर जुनाच. तोंड वाकडं झालं तेव्हा नातवंडांनी टाळ्या पिटल्या, "आजोबा, पुन्हा करा!" सुनेने मात्र दवाखान्यात नेलं. "कोरून कोरून संसर्ग कवटीच्या तळाच्या हाडात उतरलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जगायचंय ना? आकडा द्या." मूठ उघडेना. आतून ती म्हणाली, "द्या हो." मी दिला. सहा आठवडे शिरेतून औषध गेलं. कान बरा झाला, मुका झाला. आज डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "आजोबा, ड्रॉवरमधला आकडा विचारतोय, गॅस बंद केलात का? काय सांगू?" "हो म्हणा. नाहीतर ती झोपत नाही."