घळीतली सोबत

“माझ्या पुढे चाल. आणि नजरेआड जाऊ नकोस,” कॅलिओपी म्हणाली.

याकोव्होसला दरदरून घाम फुटला होता. ही काळ्या कपड्यांतली म्हातारी घळीच्या तोंडाशी त्याचीच वाट बघत बसली होती. तिने नाव सांगितलं आणि त्याचं धाबंच दणाणलं. वार्दिसची बायको! तीस वर्षांपूर्वी मेंढ्यांच्या चोरीवरून याकोव्होसच्या बापाने वार्दिसला गोळी घातली होती. त्याच आठवड्यात याकोव्होसच्या घराने क्रीट बेट सोडलं.

आज तो बापाची हाडं लाकडी पेटीत घालून परत आणत होता. खालच्या गावच्या देवळात ठेवीन, असा शब्द त्याने मरत्या बापाला दिला होता. समुद्र खवळलेला, बोटी बंद. राहिली ही एकच वाट, आणि तो येतोय ही खबर गावभर झाली होती.

“मी जाईन एकटा, मावशी.”

“जाशील की! पोचशील का, ते विचार.”

तो पेटी उचलून चालू लागला.

घळ अरुंद झाली. दोन्ही बाजूंना ताठ कडे, वर आभाळाची चिंधी. कॅलिओपीने त्याचा दंड घट्ट धरला. वाट वळली की ती झटकन बाजू बदलायची, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. ढकलायला जागा शोधतेय, दुसरं काय! त्याने पेटी छातीशी धरली.

तिने आपली काळी शाल त्याच्याही डोक्यावर ओढली.

“ऊन लागेल.”

“इथे कुठलं आलंय ऊन?”

“शहाणा आहेस. गप चाल.”

वरून एक दगड सुटला, खडखडत खाली आला. तिने त्याला कड्याला दाबलं आणि स्वतः त्याला अगदी खेटून उभी राहिली. म्हातारीच्या अंगात एवढा जोर!

“बकऱ्या असतील,” ती म्हणाली. पण तिचा आवाज कापत होता, आणि बकऱ्यांच्या गळ्यातली घंटा तर एकही वाजली नव्हती. म्हणजे वर हिची माणसं होती.

“मारायचं तर मारा एकदाचं!” तो ओरडला. “असं तंगवत का नेताय? मी सात वर्षांचा होतो हो तेव्हा!”

“माझा पोटात होता,” कॅलिओपी म्हणाली. “बापाचं तोंडसुद्धा पाहिलं नाही त्याने. आता जीभ आवर आणि पाय उचल.”

पुढचा तासभर दोघं चालत राहिली. तिला धाप लागली होती, तरी तिने दंड सोडला नाही.

घळ संपली. समोर देवळाची पांढरी भिंत, फाटकात पाद्री आणि याकोव्होसचे चुलतभाऊ. त्या आवारात हत्यार उचलायची छाती त्या मुलखात कोणाची नव्हती. आणखी वीस पावलं. इथेच होणार जे व्हायचं ते, त्याला वाटलं. फाटकाशी पोचताच त्याने डोळे मिटले.

पाठीत जोरात धक्का बसला. तो पेटीसकट फाटकाच्या आत जाऊन गुडघ्यांवर पडला.

त्याने वळून पाहिलं. कॅलिओपी फाटकात पाठमोरी उभी होती, दोन्ही हात पसरून. कड्याकडे मान वर करून ती घसा फुटेस्तोवर ओरडली, “स्त्रातिस, उतर खाली! सकाळपासून आईवरच नेम धरून बसलायस, पोरा. पुरे झालं आता, घरी चल!”