घाटातली जागा

घाटात आज जिथे लोक सेल्फी काढतात, तिथेच पूर्वी तपासणी नाका होता. तिथल्या टपरीच्या एकुलत्या एका स्टुलावर चहा पिताना निवृत्त हवालदारांनी चहावाल्या बाईंना ओळखलं. गोव्याहून येणाऱ्या एसटीत त्या कायम गरोदर असायच्या आणि हवालदार दरवेळी कुणाला तरी उठवून त्यांना बसवायचे.

"मुलं किती झाली, बाई?"

"एकच. बाकीच्या खेपांना पोटावर दारूने भरलेली टायरची ट्यूब असायची, साहेब."

हवालदार ओशाळं हसले. "म्हणजे एकदा तरी माझी जागा कारणी लागली."

"कुठली! नेमका त्याच खेपेला तुम्हाला संशय आला. झडतीसाठी उतरवलंत, तोवर एसटी निघून गेली. आठव्या महिन्यात अख्खा घाट चालत उतरले."

हवालदारांनी कप खाली ठेवला आणि उठून स्टूल बाईंकडे सरकवलं.