थकव्याची वाटणी

"अगं, पुरे कर आता ते पापड! माझे खांदे भरून आलेत," सोफ्यावर आडवे झालेले दिगंबरराव कळवळले.

"आणि माझे काय लोखंडाचे आहेत?" पोळपाटापाशी बसलेली त्यांची बायको हेमलता हसली.

घराघरांत मनगटी पट्ट्या आल्यापासून एकाचा थकवा घरातल्या सगळ्यांत सारखा वाटला जात होता. हेमलताच्या कामाने नवरा आणि दोन्ही मुलगे पहिल्या आठवड्यातच टेकीला आले. मग धाकटा निमूट भांडी घासू लागला, थोरल्याने कणीक मळायला घेतली.

वीस वर्षं हेमलता मैदानावरच्या मैत्रिणींना "आज दमलेय गं, उद्या येते" असंच सांगत आली होती. आज संध्याकाळचे पाच वाजले तरी तिच्या पायांत जोर उरला होता. तिने बूट चढवले आणि थेट खो-खोचं मैदान गाठलं.

रांगेत बसण्याआधी तिने मनगटावरची पट्टी सोडली.

"वेडी का काय! राहू दे की हातात," शेजारची नसरीन ओरडली. "पळशील तू आणि धाप लागेल घरच्यांना!"

"म्हणूनच काढतेय," पट्टी खिशात टाकत हेमलता म्हणाली. "हे दमणं माझं एकटीचं. यातलं कणभरही कुणाला देणार नाही मी."