फाट्यावरची डहाळी

"काय म्हणते तुहं भूत? वाट मोकळी हाये का नाई?" गुणाबाईनं टोपली काखेला मारत विचारलं.

"भूत नाई आजी, एजंट म्हणते त्याले." दीपाली केस बांधत होती. "थांब जरा. पान उघडून राह्यला."

लॅपटॉपवरचा बाण कोणाचा हात न लागता सरकत होता. निळ्या, लाल, पिवळ्या चौकटी उघडायच्या अन् मिटायच्या. गुणाबाईला ते बघवत नसे. ना हात ना पाय, अन् फिरते कसं मेलं.

मोहफुलाचे दिवस होते. मागच्याच आठवड्यात शेजारच्या गावच्या पोचूला वाघानं मोहाखाली वाकलेला असतानाच उचललं होतं. वाकलेला माणूस वाघाला जनावर वाटतो, हे लहान पोरालाही ठाऊक. पण वाकल्याशिवाय फूल काही टोपलीत येत नाही. म्हणून गाव जात होतं, अन् जीव मुठीत धरून जात होतं.

कुठली वाट मोकळी, कुठली बंद, ते वनखातं रोज पहाटे वेबसाइटवर टाकायचं. दीपाली एका कंपनीचं काम घरी बसून करायची. एआयच्या एजंटानं ब्राउझर कसा चालवायचा, पान कसं वाचायचं, कुठं क्लिक करायचं, याची माहितीपुस्तिका ती लिहायची. ती लिहील तसा तो वागायचा. पुस्तिकेत उदाहरण हवं म्हणून तिनं त्याला हे वाटेचंच काम लावलं होतं. तो पान वाचून गावाच्या ग्रुपवर निरोप टाकायचा.

"अन् चुकला तं?"

"पान उघडलं नाई तर माहीत नाई म्हणावं, असं लिहिलं ना मी. तारीख जुनी असली तरी तसंच. मधीमधी जाहिराती येतात, ॲप घ्या, मत द्या. जे आडवं येईल ते बंद करावं अन् पुढं जावं. हट्टी बैलासारखं अडून बसू नये."

गुणाबाई हसली नाही.

याआधी वाटेचा कौल तीच द्यायची. वाघाच्या चाहुलीनं वानर खेकसलं की फाट्यावर हिरवी डहाळी आडवी टाकायची. आडवी डहाळी दिसली की मागं फिरायचं, कोणी टाकली ते विचारायचं नाही. ही खूण तिच्या सासूच्याही आधीची. पण परवा तिनं डहाळी टाकली अन् एजंटानं वाट मोकळी सांगितली. मुखरूच्या घरचे डहाळी ओलांडून गेले अन् भरल्या टोपल्यांनी परत आले. "बुढीचे कान गेले," मुखरू चावडीवर म्हणाला. तेवढं मात्र तिच्या कानांनी नीट ऐकलं.

फोन वाजला. ग्रुपवर निरोप आला होता : तळ्याची वाट मोकळी.

दीपालीनं वाकून पानावरची तारीख स्वतः पाहिली. "आजचीच हाये, आजी."

"मानलं बाई तुह्या भुताले. मुखरूच्या आधी मी पोचतो की नाई, पाहा." गुणाबाई एकटीच निघाली.

उजाडल्यावर तिचा फोन आला. ती फाट्यावर होती. तिथून पुढं फोन लागत नाही.

"पोरी, इथी डहाळी हाये. आडवी."

"कोणं टाकली?"

"मी तं नाई टाकली. हिरवीच हाये."

"वानर ओरडते का?"

"काहीच ओरडत नाई. पाखरूबी बोलत नाई."

दीपालीनं निरोप पुन्हा वाचला. तळ्याची वाट मोकळी. "बकऱ्यावाल्यानं पाला तोडला असन, आजी. एजंट तर मोकळी म्हणते. पण तुले भेव वाटत असन तर ये वापस."

हा शब्द गुणाबाईपुढं काढायचा नव्हता.

"भेव? मले? मुखरूनं ऐकलं तं गावभर दवंडी पिटन." फोनमध्ये पाला जमिनीवर घासल्याचा आवाज आला. "घे, केली बाजूले. जे आडवं येईल ते बंद करावं म्हणते ना तू? जातो मी."

फोन तुटला. दीपालीनं एकदा परत लावून पाहिला. लागला नाही.

मन गुंतवायला ती कामाला बसली. पुस्तिकेत प्रत्येक पायरीचं चित्र हवं होतं. म्हणून तिनं एजंटाला तेच काम पुन्हा लावलं, या वेळी सावकाश, दर पायरीला विचारून.

पान उघडलं. तिनं चित्र घेतलं. वाटांची यादी दिसायच्या आत एक लाल चौकट आडवी आली. एजंटानं विचारलं, नियमाप्रमाणे ही बंद करू?

'हो'वर गेलेलं तिचं बोट तिथंच थांबलं. चौकटीत लिहिलं होतं :

'तातडीची सूचना. तळ्याची वाट बंद. वाघीण पिल्लांसह तिथेच आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी वनरक्षकाने फाट्यावर हिरवी डहाळी आडवी टाकली आहे.'