पायाखालचं

"तूस नको, पायाखालून सरकतं," म्हणत ह्यांनी कोंबड्यांच्या कुंपणात पसरलेलं भाताचं तूस पुन्हा बाहेर ओढलं. सकाळी पेंढा घातला होता. तो भिजला की बुळबुळीत होतो म्हणून तोही उपसला. कोंबड्या बिचाऱ्या कोपऱ्यात गोळा होऊन कलकलाट करत होत्या.

मी पडवीतल्या खाटेवरून बघत होते. त्या कुंपणातच चिखलात घसरून माझ्या मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून ह्यांना चैन नाही. कोंबड्या विकून टाका, असं मुलगी फोनवर सांगते. "मग तुझी आई उठल्यावर करील काय?" असं तिच्यावर खेकसून हे परत फावडं उचलतात.

दुपारी जांभ्याचे चिरे बसवले, वर वाळू पसरली, बादलीभर पाणी ओतलं. मग ह्यांनी माझ्या चपला स्वतःच्या पायांत कोंबल्या आणि अंड्यांची रिकामी टोपली कमरेला लावून, मी चालते तसे चालू लागले. दोन पावलांत हे घसरले. जाळी हाताशी आली म्हणून वाचले.

रागाने चप्पल काढून त्यांनी उलटी केली. तळ ताटलीसारखा गुळगुळीत. हे बाजारला निघाले की मी दर वेळी मागून ओरडायचे, "मला नव्या चपला आणा!" आणि हे म्हणायचे, "पुढच्या खेपेस."

"आता काय घालताय तिथे?" मी विचारलं.

ह्यांनी मापाला माझी चप्पल बगलेत मारली आणि तसेच अनवाणी बाजाराच्या वाटेला लागले.