बुरशी यायच्या आधीचं भाषण

समजा, तुम्ही व्यासपीठावर उभे आहात. तोंडाला कोरड पडली आहे, पाय लटपटताहेत आणि सगळी शाळा तुमच्याकडे टक लावून बघते आहे. आलं डोळ्यांसमोर? मग मुंगीचं काय झालं असेल, ते तुम्हाला कळेल.

मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यांत बारकी मुलगी. तिने ब्रेडच्या एका कापावर न धुतलेला हात दाबला होता, दुसऱ्यावर साबणाने धुतलेला. दोन्ही काप पिशव्यांत बंद करून ठेवले होते. बुरशी कुठे जास्त येते ते बघायचं आणि आज सर्वांना सांगायचं.

भाषण बाईंनी आधीच लिहून दिलं होतं. बुरशी यायच्याही आधी. धुतलेल्या हाताचा काप चांगलाच राहणार, त्यात बघायचं काय? मुंगीने ते घडाघडा पाठ केलं. आणि आज सकाळी बघते तर साबणाच्याच कापावर दाट हिरवी बुरशी! दुसऱ्यावर नुसते ठिपके. ती बाईंकडे धावली.

"आता ऐनवेळी नवीन काही नको गं बाळा," खुर्च्या मांडता मांडता बाई म्हणाल्या. "पाठ केलंयस तेच म्हण."

मुंगी बोलू लागली.

"मोठ्याने बोल की!" मागून एक मुलगा ओरडला. "मुंगीचं मुंग्यांनाच ऐकू जातंय!"

हशा पिकला. तरी पाठ केलेलं आपोआप पुढे सरकत राहिलं. शेवटचं वाक्य आलं आणि ती थांबली. ते म्हटलं की टाळ्या. नाही म्हटलं, तर पुढे बोलायला तिच्याकडे शब्दच नव्हते.

पहिल्या रांगेतल्या बाईंना वाटलं, पोर विसरली. त्यांनी हळूच आठवण करून दिली, "साबणाने धुतलेल्या हाताचा काप..."

"...जास्त खराब झाला," मुंगी म्हणाली.

बाईंचं तोंड उघडंच राहिलं.

"असं का झालं गं?" पाहुण्या म्हणून आलेल्या डॉक्टरांनी विचारलं.

"माहीत नाही."

"अभ्यास केलाय म्हणे!" तोच मुलगा खिदळला. मुंगीचे डोळे भरून आले.

"हात धुतल्यावर काय केलंस?" डॉक्टरांनी विचारलं.

"पुसला."

"कशाने?"

मुंगीने दाराकडे पाहिलं. तिथे बेसिनशेजारी खिळ्याला टॉवेल लटकत होता. सगळी शाळा त्यालाच हात पुसायची. कधीकाळी तो पांढरा असावा.

ती पायऱ्या उतरली. बाईंच्या समोरून, सगळ्या रांगांच्या मधून चालत ती दारापर्यंत गेली, टॉवेल काढला आणि त्या हसणाऱ्या मुलासमोर येऊन उभी राहिली.

"ए," ती म्हणाली, "तुझ्या डब्यात ब्रेड आहे का?"