एकच वाचक

जाहिराती मिळाव्यात म्हणून तिनं आपला लोणच्यांचा ब्लॉग एका साइटवर नोंदवला होता. आलेलं उत्तर वाचून नवरा हसला. “अगं, रोज येणारा वाचक एकच आहे तुझा. तोही संगमनेरचा!”

हातातलं लाटणं थांबलं.

संगमनेर तिचं माहेर. तिनं हे लग्न केलं तेव्हा बाबा म्हणाले होते, “तू आम्हाला मेलीस.” नंतर तिचा फोनही त्यांनी कधी घेतला नाही. चहासुद्धा करता न येणारा तो माणूस रोज लोणची वाचत होता.

“दिवाळीपासून मात्र तोही आलेला नाही,” नवरा म्हणाला. बाबा दिवाळीतच गेले होते.

“पुढे वाच ना,” ती म्हणाली.

त्यानं हळूच वाचलं, “नियमित वाचक मिळाल्यावर पुन्हा अर्ज करा.”